दोन इमारतींमधल्या गल्लीत बाग आणि भिंतीवर चित्रं : पुनर्वसन वसाहतीत काम सुरू करणाऱ्यांसाठी

आमची वसाहत मुंबईच्या पूर्व उपनगरात आहे. कुठे रस्ता रुंद झाला, कुठे नाल्याचा काठ मोकळा केला, कुठे रुळांलगतची घरं हटवली. तिथून उठवलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या काढून इथल्या सात मजली इमारतींमध्ये घरं मिळाली. त्यामुळे एका मजल्यावर पाच वस्त्यांमधली माणसं. जुन्या वस्तीत दाराबाहेर बसून भाजी निवडायची सवय होती. इथे दारं बंद, आणि समोरच्या घरात कोण राहतं ते वर्षभर कळलं नाही. दोन इमारतींच्या मधे दहा फुटांची गल्ली आणि तिच्यात खिडक्यांमधून पडलेला कचरा.

त्याच गल्लीत आज माती भरून भाजी लावलेले आमचे अठ्ठावीस प्लास्टिक क्रेट आहेत, एक भिंत रंगवलेली आहे आणि संध्याकाळी तिथे माणसं बसतात. याला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं. एका संस्थेने ५ जूनला, पर्यावरण दिनी, चाळीस रोपं लावून दिली, फोटो काढले. पावसाने सांभाळली तोवर ती जगली. दिवाळीला दोन उरली होती, कारण ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कोण घालणार हे कोणी ठरवलंच नव्हतं.

बागेला रोज हात लागतात. आमच्याकडे ते हात बागकामाच्या आवडीने आले नाहीत. गाण्यामुळे आणि चित्रांमुळे आले, आणि मग मातीला लागले. म्हणून खाली बाग आणि कला एकत्रच सांगितली आहे. दोन्ही वेगवेगळी केलीत तर दोन्ही अर्धवट राहतात, असं मला मनापासून वाटतं.

१. पंधरा दिवस नुसतं बघा

रोपं आणू नका, रंग आणू नका. खडू घ्या आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, दुपारी तीन अशा तीन वेळा ऊन जिथपर्यंत येतं तिथे जमिनीवर रेघ मारा. भाजीला चार-पाच तास तरी थेट ऊन हवं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत मे-जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे खूप खाली कलतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेची जी जागा मे महिन्यात लख्ख दिसते, ती डिसेंबरात दिवसभर सावलीत जाते. उन्हाळ्यात बघून हिवाळ्याची भाजी ठरवू नका.

याच दिवसांत हेही लिहून ठेवा : पाणी किती वाजता येतं, गटाराचे चेंबर कुठे आहेत, कुठली पाइप गळते, मुलं कुठे खेळतात, बायका कुठून जायचं टाळतात, तळमजल्यावरच्या खिडक्या कुठे उघडतात.

तळमजल्याची गोष्ट जरा जास्त सांगते. गोवंडीच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, त्यात ऊन-वारा न पोचणारी घरं आणि क्षयरोग यांचा संबंध मांडलेला होता. ज्यांच्या घरात दुपारीही दिवा लावावा लागतो, त्यांच्या खिडकीसमोर तुम्ही वेलाचा मांडव घातलात तर उरलासुरला उजेडही गेला. आम्ही दोडक्याचा वेल असाच चढवला होता. तिथल्या ताईंनी तक्रार केली नाही, फक्त खिडकी बंद ठेवायला लागल्या. तीन आठवड्यांनी आमच्या लक्षात आलं. मांडव काढला आणि त्यांची माफी मागितली. वेल लावायचाच असेल तर कुंपणाच्या भिंतीवर लावा.

२. जागा कोणाची, ते कागदावर शोधा

‘ही तर आपलीच जागा’ असं सगळे म्हणतात. तरीही कागद बघा. जागा सोसायटीची असू शकते, म्हाडाची (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण), एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महापालिकेची, किंवा सोसायटी नोंदलेली असूनही जमिनीचं हस्तांतरण झालेलं नसेल. नगर भूमापन क्रमांक मिळवा आणि त्यावरून मालमत्ता पत्रक काढा. ते ऑनलाइनही मिळतं. गावात ज्याला सात-बारा म्हणतो, त्याचं शहरातलं रूप म्हणजे हे पत्रक. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

जमवायचे कागद :

- मालमत्ता पत्रकाची प्रत आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा, मापांसह
- सोसायटीच्या सभेत झालेला ठराव, इतिवृत्ताच्या प्रतीसह
- जागा सोसायटीची नसेल तर मालक कार्यालयाचं ना हरकत पत्र
- भिंत रंगवायची असेल तर त्या भिंतीसाठी वेगळी लेखी परवानगी
- गल्लीलगतच्या तळमजल्यावरच्या सगळ्या घरांच्या सह्या
- कार्यक्रमाला ध्वनिवर्धक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी
- मुलांचे फोटो काढणार असाल तर पालकांची लेखी संमती

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. आमचा एक अर्ज ‘आलाच नाही’ असं सांगण्यात आलं तेव्हा पोच दाखवली म्हणून काम पुढे सरकलं.

सापळे दोन. पहिला, अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता. इमारतीभोवतीच्या त्या मोकळ्या जागेत एकही क्रेट ठेवू नका, कितीही चांगलं ऊन असलं तरी. दुसरा, आधीपासून असलेली झाडं. ऊन अडतंय म्हणून फांदी तोडली तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात अर्ज द्या.

गच्चीवर करायचा विचार असेल तर थांबा. एक फूट ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वरही जातं. गळक्या स्लॅबवर हे करायचं नाही, निदान अभियंत्याने बघितल्याशिवाय नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरावरची गच्चीबाग २००२ मध्ये सुरू झाली, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच ती उभी राहिली. पण तिच्यामागे एक संस्था होती, मजबूत इमारत होती. आपली सुरुवात जमिनीवरच बरी.

३. सभा घेऊ नका, नकाशा काढा

सभेला आमच्याकडे सात पुरुष आले आणि तिघेच बोलले. मग एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून रविवारी दुपारी, पाणी भरून स्वयंपाक उरकल्यावरच्या वेळेत, आम्ही जमिनीवर रांगोळीने वसाहतीचा मोठा नकाशा काढायला घेतला. कोणाला बोलावलं नाही. रांगोळी दिसली की बायका थांबतातच. ‘अगं, पंप इथे नाही, तिकडे आहे,’ असं म्हणत एक खाली बसली, मग दुसरी. तासाभरात पंचवीस जणी होत्या. लाल रंगाने भीती वाटते ती जागा, पिवळ्याने दिवा बंद असलेली जागा, हिरव्याने बसावंसं वाटतं ती जागा. आमच्या गल्लीवर सगळ्यात जास्त लाल पडलं. एका मुलीने त्याच लालावर हिरवी चिमूट सोडली आणि ती कोणीच पुसली नाही. गल्लीचा निर्णय तिथे झाला.

भाषेचा प्रश्नही त्यात सुटला. आमच्याकडे मराठवाड्यातल्या, उत्तर प्रदेशातल्या, तमिळ घरांमधल्या बायका आहेत. सभेत ज्या गप्प होत्या त्या रांगोळीत बोलल्या.

त्या नकाशाचा फोटो काढा आणि ठरावाला जोडा. कागदाला वजन येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम : पाणी घालणाऱ्यांची यादी. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक दिवसाला दोन नावं. चौदा नावं मिळत नसतील तर थांबा आणि आणखी एखादा नकाशा, एखादी गाण्याची संध्याकाळ करा. चौदा नावांशिवाय बी विकत घेऊ नका.

४. कचऱ्याशी भांडण नको, व्यवहार करा

वरून कचरा पडतो हा प्रत्येक वसाहतीचा प्रश्न. आम्ही पाट्या लावल्या, आरडाओरडा केला, उपयोग शून्य. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी रोज भाजीची सालं खाली टाकायच्या. त्यांचे गुडघे गेलेले, लिफ्ट बंद. जिना उतरून कचरा टाकणं त्यांना शक्यच नव्हतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. एका मुलाने त्यांच्या खिडकीच्या ग्रीलला दोरी आणि छोटी बादली बांधून दिली. सकाळी दहाला त्या बादली खाली सोडतात, आम्ही सालं काढून घेतो, कधी त्यात चार मिरच्या ठेवून वर पाठवतो. महिन्याभरात सहा दोऱ्या झाल्या. आता त्या सालांचंच खत होतं.

खताची रीत सोपी आहे. भोकं पाडलेलं पिंप, तळाला विटांचे तुकडे, एक भाग ओला कचरा आणि दोन भाग सुका पाला, वर मूठभर जुनं खत. आठवड्यातून दोनदा ढवळा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत मिळतं. वास मारला तर पाला कमी पडला असं समजा. शिजवलेलं अन्न, पोळीचे तुकडे, मासे-मटण अजिबात नको, उंदीर येतात. पिंपाच्या खाली आणि भोकांवर जाळी मारा.

सुका पाला कुठून आणायचा? जानेवारी ते मार्च रस्त्यावर ढीग पडतात. झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, त्या गोण्या भरून ठेवतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीचे प्रयोग करणाऱ्या लोकांच्या गटातून, हेच शिकवलं होतं : पालापाचोळा, थोडं शेण, थोडा गूळ आणि ऊन, यांतून कुठेही माती तयार करता येते. बाजारातली महागडी पोती लागत नाहीत.

५. जमिनीतल्या मातीवर विश्वास ठेवू नका

आपल्या वसाहती बहुधा भरावावर उभ्या असतात. आमच्याकडे सहा इंच खणलं की राडारोडा, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे, त्याच्या आसपासच्या वस्त्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी. जुन्या रंगातलं शिसं आणि इतर जड धातू मातीत असू शकतात, आणि पालेभाज्या व कंदांतून ते पोटात जाण्याचा धोका फळभाज्यांपेक्षा जास्त.

माती परीक्षण करायला दिलंत तर नेहमीच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब अशा सुपीकतेच्याच गोष्टी येतात. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे. अहवालात ‘चांगली’ असा शेरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. आमचा मार्ग सरळ होता : जमिनीत काहीच खायचं लावलं नाही. भाजीवाल्यांचे जुने प्लास्टिक क्रेट घेतले, आतून गोणपाट लावलं आणि बाहेरून आणलेली माती, खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समान भरलं. क्रेट विटांवर ठेवा, म्हणजे खालून निचरा होतो आणि झाडता येतं.

लागणारी हत्यारं थोडीच : दोन खुरपी, एक फावडं, दोन घमेली, दोन झाऱ्या, कात्री, सुतळी, झाकणाचं एक पिंप आणि कुलपाची एक पेटी. पेटीला तीन किल्ल्या करा, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा.

६. पाणी

आमच्याकडे नळ पहाटे साडेचारला येतो. पिण्याच्या पाण्यावर बागेचा हक्क सांगितलात तर पहिल्या आठवड्यात भांडण होईल, आणि ते बरोबरच असेल. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी साठवायला सांगा. साबणाचं पाणी भाजीला नको. क्रेटवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर दिला की पाणी बरंच कमी लागतं.

साठवलेलं पिंप घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवड्याभरात पुरा होतो. बागेमुळे वसाहतीत एकालाही डेंग्यू झाला, तर पुन्हा कोणी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

७. पहिली पेरणी लाल माठाची

टोमॅटोचा मोह सगळ्यांना होतो. पण त्याला अडीच-तीन महिने लागतात, आणि पहिला टोमॅटो पिकायच्या आत चोरीला जातो. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत काढायला येतो, मेथीही तशीच. महिन्याच्या आत घरात जुडी गेली की यादीतली चौदा माणसं टिकतात. त्यानंतर मुळा, भेंडी, वांगी, मिरची. सावलीच्या बाजूला अळू, पुदिना, पानओवा, मायाळू. मावा (पानांवरची बारीक कीड) पडला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा.

पीक कोणाचं हे पेरणीच्या आधी लिहून ठेवा. आमचा नियम : पाणी घालणाऱ्यांना पहिली जुडी, मग आजारी माणूस असलेल्या घराला, उरलं तर पाळीने. गल्लीच्या तोंडाशी कढीपत्ता, गवती चहा आणि तुळस. त्यातून कोणीही तोडावं. फुकट घेता येतं असं काहीतरी हाताशी असलं की आतल्या क्रेटना हात लागत नाही, हा आमचा अनुभव.

८. भिंत

भिंत ऑक्टोबर संपल्यावर घ्या. पावसाची ओल सुकलेली नसेल तर कितीही चांगला रंग पोपडे धरतो. आधी गळकी पाइप दुरुस्त, मग पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने खरवडणं, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, आणि त्यावर बाहेरचाच इमल्शन रंग. घरातला डिस्टेंपर एका पावसात जातो. लिटरभर रंगात दोन हात द्यायचे तर साधारण पन्नास-साठ चौरस फूट होतात. परवानगीचा कागद खिशात ठेवा. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

तंत्र एवढंच. खरा प्रश्न असतो चित्र कशाचं. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं २०१७-१८ मध्ये रंगवली गेली, मेट्रोतून ती दिसतात, लोक फोटो काढायला येऊ लागले. छान दिसतात. पण बाहेरच्यांनी बघावं म्हणून रंगवणं आणि आपण रोज बघावं म्हणून रंगवणं यांत फरक आहे, आणि आपल्याला दुसरं हवं. आम्ही प्रत्येक घराला एकच विचारलं : तुटलेल्या घराच्या दारात काय होतं? उत्तरं आली : शेवग्याचं झाड, पिठाची गिरणी, पिवळा नळ, बकरी, हिरवी पत्र्याची पेटी. तेच काढलं. शाळेतल्या मुलांनी रेघा मारल्या, आयांनी रंग भरले. एका काकांनी तीन दिवस लांबून बघितलं आणि चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, ‘नळाची तोटी डावीकडे होती.’ ब्रश त्यांच्या हातात दिला. ते आता मंगळवारच्या पाण्याच्या यादीत आहेत.

कोणी पुढारी रंगाचे पैसे देतो म्हणाला तर नम्रपणे विचारा की नाव लिहायचं का. ‘हो’ म्हणाला तर पैसे घेऊ नका. एका पक्षाचं नाव आलं की अर्धी वसाहत भिंतीकडे पाठ फिरवते.

९. गाणं-नाटक बाहेरून आणू नका

घाटकोपरमधल्या चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिलं. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ते कामगार वस्त्यांतूनच. आपल्या वसाहतींमध्ये आजही हलगी वाजवणारे आहेत, भारुड म्हणणाऱ्या आज्या आहेत, कव्वालीवाले आहेत, रॅप करणारी पोरं आहेत. गोवंडीच्या नटवर पारेख वसाहतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, तेव्हा मंचावर तिथलीच तरुण मुलं होती. जमलं तर अशा ठिकाणी जाऊन बघा.

आमची रीत साधी : महिन्याच्या शेवटच्या शनिवारी क्रेटच्या बाजूला सतरंजी, संध्याकाळी सात ते नऊ. ध्वनिवर्धक नाही, त्यामुळे त्याच्या परवानगीचा प्रश्न नाही आणि परीक्षा असलेल्या मुलांना त्रास नाही. पहिल्या महिन्यात जात्यावरच्या ओव्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात मुलांनी कचऱ्यावर पथनाट्य बसवलं, त्यात बादली सोडणाऱ्या आजी हीच नायिका होती. आजींनी ते वरून, खिडकीतून बघितलं.

१०. पैसे आणि नोंद

सुरुवातीलाच संस्था नोंदवायच्या मागे लागू नका. वसाहतीत बायकांचा बचत गट असेल तर त्याचं बँक खातं आणि हिशेबाची सवय आधीच असते, त्यांना विचारा. आम्ही घरटी वीस रुपये काढले. मोठी देणगी आली तरी ही वर्गणी चालू ठेवा. ज्याने वीस रुपये दिले तो बागेत डोकावतो. खर्चाची प्रत्येक पावती गल्लीतल्या फळ्यावर टाचून ठेवा. पैशांवरून होणारी कुजबुज थांबते.

११. वर्षाची आखणी भोगीपासून उलटी करा

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हा आमचा सण झाला आहे. वांगी, वालपापडी, मुळा, गाजर, हरभरा, तीळ आणि सोबत बाजरीची भाकरी. सगळं आपल्या क्रेटमधलं नसतं, पण वांगी, शेंगा आणि मुळा असतात. त्यासाठी वांग्याची रोपं सप्टेंबरअखेर, वालपापडी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मुळा नोव्हेंबरच्या शेवटी. भिंतीचं काम दिवाळीनंतर. कागदपत्रं पावसाळ्यात, कारण तेव्हा बागेत फार काम नसतं आणि उत्तर यायला वेळ लागतो.

संक्रांत झाली की पुढच्या रविवारी संपलेले क्रेट उलटे करा, माती ताडपत्रीवर पसरून चार दिवस उन्हात तापवा, मुळं वेचा, चौथा हिस्सा नवं खत मिसळा आणि परत भरा. त्याच दिवशी पाण्याची यादी नव्याने लिहा. ज्यांना थांबायचं आहे त्यांचं नाव न रागावता काढा, आणि पेटीच्या तीनपैकी एक किल्ली या वेळी अशा घरात द्या, जिथून आजवर कोणी खाली आलेलं नाही.